आठ वाजताची शेवंती

संताजीराव शेवंतीचा देठ कापण्याआधी व्हर्नियर कॅलिपरने मोजतात, हे ऐकून नवा माणूस हसतोच. हसू दे बापडा. ज्या माणसाने छत्तीस वर्षं लेथ मशीनवर लोखंड सोललं, त्याच्या हातात व्हर्नियर नाही तर काय विळी असणार? गविपुरममधल्या त्यांच्या घरात नारळसुद्धा आधी डोळे बारीक करून मापला जातो आणि मग फुटतो.

घराणं जुनं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बेंगळुरूकडे आलेल्या आणि परत जायचं राहूनच गेलेल्या मंडळींपैकी. घोडे गेले, मराठी राहिली, आणि त्या मराठीत कानडी इतकी मुरली की रागावल्यावर आपण कुठल्या भाषेत भांडतोय हे संताजीरावांना स्वतःलाही कळत नाही. बायको अंबुबाई मात्र शुद्ध मराठीत गप्प बसते. ते जास्त लागतं.

नोकरी होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. पहाटे साडेपाचला घरातून निघायचं आणि आठच्या ठोक्याला मशीनपुढे उभं राहायचं. आणि वर्षातून एकदा, आयुधपूजेला, त्याच मशीनपुढे हात जोडून उभं राहायचं. त्या दिवशी सगळा कारखाना नटायचा. कुणी केळीचे खुंट बांधायचं, कुणी झेंडूच्या माळा सोडायचं, दारात कोहळा फुटायचा. पण बघायला गर्दी व्हायची ती संताजीरावांच्या लेथपाशी. कारण त्यांनी एक युक्ती काढली होती. लेथवर स्टील सोलताना लांबलचक, कुरळी, चकचकीत साल निघते. संताजीराव तिला किस म्हणतात. हा किस शेवयांच्या भेंडोळ्यासारखा पसरट भांड्यात दाबून बसवायचा, वर पाणी ओतायचं आणि एकेक देठ त्यात खोवायचा. फूल कुठल्याही कोनात उभं राहतं, ढळत नाही. माळेतल्या फुलांना मान खाली घालून बसावं लागतं, संताजीरावांची फुलं ताठ उभी राहायची.

बरं, नुसती उभी नाही राहायची. टिकायची. बाकीच्यांच्या माळा दुसऱ्या दिवशी काळ्या पडायच्या आणि संताजीरावांची शेवंती आठवडाभर लेथवर टवटवीत. सेक्शनमधले लोक विचारायचे, अण्णा, करता काय तुम्ही? संताजीराव दोन बोटं वर करून म्हणायचे, “हात असावा लागतो.” पंचवीस-सव्वीस वर्षं हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की शेवटी त्यांचा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला.

मग दोन वर्षांपूर्वी निवृत्ती आली. शाल, नारळ, भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला संताजीरावांना सवयीने जाग आली. दाढी झाली, इस्त्रीचा शर्ट चढला, आणि आठ वाजता ते पडवीतल्या खुर्चीवर बसले. कुणी वाट बघत नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नाही. छत्तीस वर्षं ज्या आठच्या ठोक्याला शिव्या घातल्या, तोच आता गेला म्हणून चुकल्यासारखं व्हायला लागलं. वेळ जावा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात लक्ष घातलं आणि डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. अंबुबाईंना तीन दिवस हळद सापडली नाही.

नवऱ्याला काहीतरी काम मिळो, असं त्या बिचाऱ्या मनापासून म्हणायच्या. ते काम आणलं स्मृतीने. स्मृती ही वरच्या खोलीत राहणारी पुण्याची मुलगी, महादेवपुऱ्यातल्या एका मोठ्या आयटी ऑफिसात नोकरीला. घरी मराठी, ऑफिसात हिंदी आणि रिक्षावाल्याशी दोन्ही हात, असा तिचा कारभार. गेल्या नवरात्रात संताजीरावांच्या देवघरापुढची फुलांची परात बघून ती वेडीच झाली होती. यंदा तिने येऊन सांगितलं, काका, आमच्या ऑफिसच्या लॉबीत दर सोमवारी परदेशी लिली येतात, थंड पेटीतून. वास नाही, गंध नाही, प्लास्टिकच्या वाटतात. आता वरून ऑर्डर आलीय की आपल्या आसपास पिकणारी, त्या-त्या ऋतूतली फुलं ठेवा. मी तुमचं नाव दिलंय.

ऑफिसची व्यवस्था बघणारे गृहस्थ शेषगिरी म्हणून होते. भेटीला बोलावून त्यांनी कानडीत अगदी सरळ सांगितलं: मला फुलांचं काही कळत नाही, दिवसांचं कळतं. लिली सोमवारी येते आणि शुक्रवारपर्यंत उभी असते. गावठी फुलं दुपारीच मान टाकतात. तुमची फुलं सोमवार ते शुक्रवार टिकली, तर आयुधपूजेची सजावट तुमची, आणि पुढे दर सोमवारी सकाळी आठ वाजता तुम्ही यायचं.

त्यातलं आयुधपूजेचं वगैरे संताजीरावांनी धड ऐकलंसुद्धा नाही. त्यांच्या कानात फक्त ‘सकाळी आठ वाजता’ एवढंच वाजत राहिलं. परत येताना मेट्रोत त्यांना बसायला जागा मिळाली होती, तरी ते उभेच राहिले.

आता नेमकं त्याच वेळी अंबुबाईंना म्हैसूरला जायचं होतं. बहिणीकडे नवरात्रात बाहुल्यांच्या नऊ पायऱ्या मांडतात. यंदा बहिणीचे गुडघे धरलेले, म्हणून मांडायला ही धाकटी जाणार. निघताना पिशवी उचलता उचलता त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, अहो, माळ्यावरचा किस देवघराच्या परातीपुरताच आहे हं. नवा आणाल तर ते पोतं आधी—

“सगळं माहीत आहे मला,” संताजीराव म्हणाले. “सव्वीस वर्षं करतोय. तू बाहुल्यांचं बघ.”

अंबुबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, सरी, बरं. गाडीची वेळ झाली होती.

घटस्थापना सोमवारी होती. आदल्या दिवशी संताजीराव बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरला मल्लाप्पाच्या वर्कशॉपमध्ये गेले. मल्लाप्पा एके काळी त्यांच्या हाताखाली लेथ शिकला होता, आता त्याचे स्वतःचेच केस पिकलेत आणि गल्लीत स्वतःचं मशीन घरघरतंय. गुरुजी आले म्हणून त्याने मशीनखालचा ताजा, लांब, सुरेख किस पोतंभर काढून दिला. संताजीरावांनी तो उन्हात धरून बघितला. काय ती चमक, काय ते वळण. बोटांना जरा बुळबुळीत लागलं, ते त्यांनी सवयीने पँटीला पुसलं. छत्तीस वर्षं त्यांचे हात बुळबुळीतच होते, त्यात नवल ते काय.

सोमवारी पहाटेच्या पहिल्या बसने ते होसकोट्याला गेले. कारखान्याच्या मागेच कल्लाप्पाचं शेत. दर आयुधपूजेला फुलं तिथूनच यायची. शरदाच्या दिवसांत ते शेत बघावं. पिवळी आणि पांढरी शेवंती, गुडघ्याइतका झेंडू, कोंबड्याची लालभडक फुलं, बांधाला निशिगंध, आणि पलीकडे नुकती कणसं धरलेली नाचणी. दव होतं. संताजीरावांनी पायजमा भिजेपर्यंत हिंडून एकेक फूल निवडलं. पूर्ण उमललेलं नको, मिटलेलं नको. कल्लाप्पाने विचारलं, अण्णा, रिटायर झालात ना, मग हे कुणासाठी? संताजीराव म्हणाले, “ऑफिसला जायचंय.” आणि हे म्हणताना त्यांची मान अशी काही ताठ झाली की कल्लाप्पाला हसू दाबावं लागलं.

ऑफिसच्या लॉबीत अंबुबाईंच्या माहेरची भली थोरली पितळी उरळी, म्हणजे पसरट पातेलं, मांडली. तळाशी किस, त्यावर पाणी. व्हर्नियर निघाला. मधोमध निशिगंध, त्याच्या निम्म्या उंचीला शेवंती, कडेने कोंबडा, आणि सगळ्यातून वर झुकलेली नाचणीची हिरवी कणसं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं-पोरी लिफ्ट सोडून थांबायला लागली. एकीने नाचणीला हात लावून विचारलं, हे कुठलं एक्झॉटिक गवत? संताजीराव म्हणाले, “रोज सकाळी पेज करून पितात ते.” शेषगिरी आले, फुलांभोवती एक फेरी मारून गेले. जाताना त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर मात्र नजर टाकली. रात्री म्हैसूरहून फोन आला तेव्हा संताजीरावांनी पाऊण तास एकट्यानेच बोलून घेतलं.

मंगळवारी संध्याकाळी स्मृतीने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, काका, हे नॉर्मल आहे ना?

ते नॉर्मल नव्हतं. शेवंतीने मान टाकली होती. निशिगंधाच्या कळ्या उमलायच्या सोडून तपकिरी पडल्या होत्या. कोंबडा तेवढा उभा होता, पण भांडण हरल्यासारखा. रात्रभर संताजीराव तो फोटो बोटांनी मोठा करून बघत बसले, जणू मोठा केल्यावर फुलं उभी राहणार होती.

बुधवारी सकाळी ते लॉबीत पोचले आणि उरळीपाशी उकिडवे बसले. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. त्यांनी बोट बुडवून वास घेतला. मशीन तापू नये म्हणून त्यावर जे दुधाळ तेलपाणी सोडतात, त्याचा वास. ज्या वासात त्यांचा जन्म गेला, तो वास आज पहिल्यांदा त्यांना नको झाला. पण मग इतकी वर्षं? किस तोच होता, मशीनंही तसलीच, तेलपाणीही तेच. इतकी वर्षं फुलं का नाही मेली? डोकं चालेना. त्यांनी बाहेर पायरीवर बसून म्हैसूरला फोन लावला.

“फुलं गेली,” ते म्हणाले.

“कुठल्या किसात लावली?”

“मल्लाप्पाकडचा. ताजा.”

“धुतला होता का?”

“किस धुतात?”

पलीकडे बहीण बाहुल्यांवरून कुणाला तरी रागवत होती. मग अंबुबाईंनी सांगितलं. पहिल्या वर्षी संताजीरावांनी तो तेलकट गुंता घरी आणून ठेवला होता, तेव्हा तिने गंमत म्हणून त्यात अबोलीची दोन फुलं खोवली. संध्याकाळी बघते तर फुलांचा चिखल. नवरा एवढा हौसेने फुलं लावणार आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याचं हसं होणार, हे तिला बघवेना. तिने रिठे घालून किस तीनदा उकळला, चिंचेने चोळला, गच्चीवर उन्हात वाळवला आणि आयुधपूजेच्या सकाळी डब्याबरोबर स्वच्छ फडक्यात बांधून दिला. तेव्हापासून दरवर्षी तेच चालू. ह्यांनी पोतं अंगणात टाकायचं आणि ड्यूटीला जायचं, आणि परत मिळायचं ते चकचकीत गाठोडं. ह्यांना कधी प्रश्नच पडला नाही. स्टील आहे, चमकणारच.

“अगं, मग सव्वीस वर्षांत सांगितलं का नाहीस?”

“भांडी घासते तेही मी कधी सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय?”

हे तिने रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी सहज म्हणाली. संताजीरावांना ती दोन बोटं आठवली, वर केलेली, आणि ‘हात असावा लागतो’ हे वाक्य आठवलं. सगळ्या सेक्शनपुढे, साहेबापुढे, निवृत्तीच्या समारंभात माइकवरूनसुद्धा. हात होता, पण तो ह्यांचा नव्हता. त्यांना भयंकर लाज वाटली. काचेच्या त्या उंच इमारतीच्या पायरीवर बासष्ट वर्षांचा तो माणूस कान लाल करून बसून राहिला.

मग उठून ते शेषगिरींच्या खोलीत गेले. कारणं तशी पुष्कळ सुचत होती. एसीची हवा सोसली नाही, पहारेकऱ्याने पाणी घातलं नाही, कल्लाप्पाचं बियाणं बदललं. ती सगळी गिळून त्यांनी सांगितलं की फुलांचा दोष नाही, चूक माझी आहे. ज्याच्यावर माझं नाव झालं ते काम मुळात माझी बायको करत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एकदा अजून संधी द्या.

शेषगिरींनी चष्मा काढला. म्हणाले, पंधरा वर्षं मी या इमारतीत आहे, ‘चूक माझी’ म्हणत या खोलीत आलेले तुम्ही पहिलेच. उद्या गुरुवार. उद्या लावा, सोमवारी सकाळी मी बघतो. तेही पाच दिवसच झाले. त्यानंतर मात्र मला लिलीवाल्याला फोन करावा लागेल.

त्या दुपारी गविपुरमच्या घरातून जो काही धूर आणि फेस निघाला, तो शेजारणी अजून सांगतात. फोन खिडकीत टेकवलेला, त्यातून अंबुबाईंचा आवाज, आणि चुलीपुढे संताजीराव बनियनवर. रिठे किती? मूठभर. कुणाची मूठ, तुझी की माझी? माझी. तुझी मूठ म्हणजे किती ग्रॅम? पहिल्या उकळीचं पाणी काळं निघालं, दुसऱ्याचं करडं, तिसऱ्याचं जवळजवळ स्वच्छ. चिंचेने चोळताना स्टीलच्या कडा बोटांत घुसत होत्या. दोन ठिकाणी रक्त आलं. फडक्याने बोट बांधता बांधता त्यांना एकदम आठवलं की दर नवरात्रात अंबूच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. खोबरं खवताना लागलं, असं ती सांगायची. मग त्यांनी चौथी उकळी काढली, गरज नसताना.

गुरुवारी पुन्हा पहिली बस, पुन्हा कल्लाप्पा, पुन्हा दव. लॉबीत या वेळी गर्दी कमी होती. एकदा फसलेल्या माणसाकडे लोक जरा लांबूनच बघतात. संताजीरावांनी या खेपेला व्हर्नियर खिशातून काढलाच नाही. त्यांनी नुसत्या डोळ्याने देठ कापले. शुक्रवारी स्मृतीने फोटो पाठवला, त्याच्याखाली काहीच लिहिलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नव्हतं. शनिवार-रविवार ऑफिस बंद. ते दोन दिवस संताजीरावांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. डाळींचे डबे त्यांनी परत पहिल्यासारखे लावून ठेवले, म्हणजे अंबुबाई लावायच्या तसे, कुठलाही क्रम नसलेले.

सोमवारी आठ वाजता ते आणि शेषगिरी बरोबरच दारातून आत गेले. शेवंती उभी होती. निशिगंधाच्या खालच्या कळ्या उमलून झाल्या होत्या आणि वरच्या उमलत होत्या, सगळ्या लॉबीत त्याचा वास कोंडला होता. नाचणी थोडी पिवळी पडली होती, पण नाचणीने पिवळं पडायचंच असतं. संताजीरावांचा जीव भांड्यात पडला. शेषगिरींनी एक शेवंती हलकेच ओढून बघितली. ती निघाली नाही. ते म्हणाले, सरी. परवा आयुधपूजा, आणि पुढच्या आठवड्यापासून दर सोमवारी. गेटवर कायमचा पास करायला सांगतो, नाव सांगा.

ज्या क्षणासाठी संताजीराव दोन वर्षं इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर बसत होते, तो हाच. त्यांनी नाव सांगितलं, आणि शेषगिरींनी ते लिहून घेतलं.

अंबुबाई मंगळवारी परतल्या. सगळं जग दसऱ्याला म्हैसूरला निघालेलं आणि ही बाई तिकडून रिकाम्या गाडीने इकडे. घरी आल्यावर त्यांनी आधी गच्चीवर जाऊन वाळत घातलेला किस बोटांनी चाचपला आणि हुंगला. संताजीराव परीक्षेच्या निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे जिन्यात उभे होते. “उद्या माझ्याबरोबर चल,” एवढंच ते म्हणाले.

बुधवारी सकाळी डबा संताजीरावांनी भरला. चित्रान्नाच्या भातात मीठ कमी होतं. अंबुबाईंनी मोरपंखी साडी नेसली होती आणि डोक्यात अबोलीचा वळेसर. काचेच्या त्या इमारती बघून त्या जरा बिचकल्याच. गेटवर संताजीरावांना पहारेकऱ्याने अडवलं, वहीत पाहुणे म्हणून सही करायला सांगितलं, आणि मग हातातल्या नव्या कोऱ्या पासवरचं नाव वाचून हाक मारली, “अंबुबाई अम्मा, बन्नी, या. आठ वाजले, साहेब वाट बघतायत.”

अंबुबाईंनी मागे वळून बघितलं. आपल्या मागे दुसरी कुणी अंबुबाई उभी आहे का, ते बघत होत्या. मागे फक्त नवरा होता, एका हातात डबा, दुसऱ्या हातात किसाचं गाठोडं, स्वच्छ फडक्यात बांधलेलं.

“तुझीच वाट बघतायत, अंबू,” तो म्हणाला. “जा पुढे. मी सही करून येतो.”